पान क्रमांक ३४

नवा अंक हातात आला की आधी वास घ्यायचा आणि मग उघडायचा, अशी आमच्या संपादक मंडळाची रीत आहे. परवा मी वास घेतला. अंक उघडला. पान ३४ वर वेलबुट्टीच्या चौकटीत ठळक अक्षरांत छापलं होतं: 'वेळ ही अमूल्य संपत्ती आहे.' खाली दोन गुलाब.

त्या पानावर काहीही नसायला हवं होतं. म्हणजे जवळजवळ काहीही नाही.

आम्ही सहा विद्यार्थी मिळून कलेचं एक जर्नल काढतो. त्यात शोधनिबंध असतात आणि कलाकृतीही असतात. कलाकृतीलाही निबंधासारखंच परीक्षण व्हावं, ती मधल्या पानांत शोभेला टाकलेली नसावी, असा आमचा हट्ट. घरी, कॉलेजात आणि नात्यात याला 'कॉलेजचा अंक' म्हणतात. 'त्यात प्राचार्यांचा फोटो आहे ना?' एवढंच विचारतात. नाही म्हटलं की चेहरा पडतो.

तर छापखाना. नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका बोळात आहे, नाव सांगत नाही, पुढचा अंकही तिथेच छापायचा आहे. प्रूफ बघायला गेले तेव्हा सिंहस्थाच्या कामांनी अर्धं शहर खोदून ठेवलेलं. रिक्षावाल्याने अलीकडेच सोडलं, उरलेलं अंतर धूळ खात चालले. पोचले तर ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, बसा जरा. दशक्रियेचं कार्ड आहे, मयताचं काम आधी."

याला उत्तर नसतं. दुहेरी परीक्षण, संपादकीय भूमिका, आयएसएसएन, काहीही सांगा, माणूस मेलेला असतो आणि त्याचा दहावा दिवस ठरलेला असतो. आपला अंक तसाही तीन महिने उशिरा चाललेला.

कार्डवाले काका बाकावर बसले होते. वारलेले त्यांचे चुलते, वय ९१, त्यामुळे दुःख आटोपशीर होतं आणि वेळ भरपूर. माझ्या हातातलं प्रूफ त्यांनी "बघू" म्हणून घेतलं. घेतलं ते घेतलंच. चष्मा कपाळावरून खाली आला, बोट जिभेला लागलं आणि पान पहिलं उघडलं.

"हा नंबर चुकलाय," काका म्हणाले.

"कुठला?"

"हा. आठच आकडे आहेत. मोबाईलला दहा लागतात."

मी म्हटलं, काका, तो आयएसएसएन आहे. नियतकालिकाची ओळख पटवणारा नंबर, दिल्लीहून मिळतो, फुकट मिळतो, आठच आकडी असतो.

"आणि शेवटी एक्स?"

"शेवटचा आकडा तपासणीचा असतो. तो दहा आला की रोमन दहा लिहितात."

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. फसवल्या गेलेल्या माणसाकडे बघतात तसं. "फुकट मिळाला ना," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी थेट शेवट गाठला. "हे देणगीदार का?"

"संदर्भसूची आहे ती."

"हो, पण प्रत्येकाने किती दिले?"

इथे मला थोडं आमच्या खऱ्या परीक्षकांबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर काकांवर अन्याय होईल. आमची पद्धत डबल ब्लाइंडची. परीक्षकाला लेखक कळू नये, लेखकाला परीक्षक. नाशिकमध्ये हे तसं अवघडच आहे, कारण आलेल्या दहा जलरंगांपैकी सात गोदाघाटाचे असतात आणि कुणाचा घाट कुणाचा ते पाण्यातल्या पांढऱ्या फटकाऱ्यावरून सगळ्यांना कळतं. तरी आम्ही नावं झाकतो. नऊ आठवड्यांनी एका परीक्षकांचं उत्तर आलं: 'विषय चांगला. शुभेच्छा.' दुसऱ्यांनी निबंधात काहीच सुचवलं नाही, फक्त आभाराच्या यादीतल्या स्वतःच्या आडनावाची वेलांटी दुरुस्त केली. आंधळं दळतंय म्हणावं तर इथे दळणसुद्धा नाही. तिसरे म्हणाले, "तुमचं जर्नल केअर लिस्टमध्ये आहे का?" सर, मान्यताप्राप्त जर्नलांची ती यादी यूजीसीनेच २०२५ मध्ये बंद केली. "मग राहू द्या. माझं नाव सल्लागार मंडळात टाका." काम करणारे सहा, सल्लागार अकरा. बाइंडिंगच्या दिवशी पिना मारायला अकरांतला एक आला नाही.

काका मात्र प्रत्येक पान वाचत होते. ओठ हलवत, आडवं बोट धरून. माझा स्वतःचा निबंध कुणी इतक्या सावकाश वाचल्याचं मला आठवत नाही. मी वाचताना सुद्धा नाही.

पान १९ वर थांबले. "अक्षरं उलटी आहेत."

मला संधी मिळाली. गेली तीन वर्षं शिकलेलं सगळं वापरायची संधी. मी म्हटलं, काका, हे काष्ठठशाचं काम आहे, लाकडावर अक्षरं उलटीच कोरतात. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांपर्यंत गेले. सिनेमा काढण्याआधी ते छापखान्यात होते, भागीदारांशी बिनसलं म्हणून बाहेर पडले, हेही सांगून टाकलं. (छापखान्याने माणूस किती पिसाळतो बघा, थेट १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढतो.) काकांनी सगळं ऐकून घेतलं. "असेल," म्हणाले, आणि पानाचा कोपरा दुमडून ठेवला.

मग आलं पान ३४.

'मे, गोदावरी'. दुसऱ्या वर्षाच्या मुलीचं काम. पूर्ण पांढरं पान आणि तळाशी केसाएवढी एक राखाडी रेघ. सहा जणांच्या बैठकीत यावर दोन तास भांडण झालं होतं आणि शेवटी चार विरुद्ध दोन मतांनी ते आलं. मला ते फार आवडतं. अजूनही.

"हे छापायचं राहिलंय."

"नाही काका, हेच चित्र आहे. नदी आहे. उन्हाळ्यातली."

"पाणी कुठंय?"

"तेच तर."

काका सरळ बसले. "पोरी, मे महिन्यात गंगापूर धरणातून आवर्तन सुटतं. परवाच रामकुंडावर अस्थी सोडून आलो. गुडघाभर पाणी होतं, माझी विजार भिजली."

मी म्हटलं, ते वास्तव झालं, हे चित्र आहे. चित्रकार गायतोंडेंच्या एका अमूर्त चित्राला २०१५ मध्ये मुंबईच्या लिलावात २९ कोटींच्या वर किंमत आली, त्यातही तुम्हाला पाणी दिसलं नसतं.

"मग ते छापा ना," काका म्हणाले. "हे कशाला?"

ऑपरेटर हसला. मशीनमागचा पोरगाही हसला. कार्ड तयार झाली, काकांनी एकेक मोजून घेतली, जाता जाता पुन्हा ३४ वर बोट ठेवून ऑपरेटरला म्हणाले, "भो, कागद फुकट जातोय. एखादा सुविचार तरी टाका."

मी हसून सोडून दिलं.

रात्री अकरा वाजता अंथरुणात उठून बसले. लाकडावर अक्षरं उलटी, बरोबर. पण पान १९ वर लाकडाचा फोटो नव्हताच, छापाचा होता. छापावर अक्षरं सुलटीच हवीत. मांडणी करताना आमच्यापैकी कुणीतरी चित्र आडवं उलटवलं होतं. सहा संपादक, दोन परीक्षक, अकरा सल्लागार, आणि सापडलं कुणाला, तर ज्यांची विजार भिजली त्यांना. वर मी त्यांना फाळके ऐकवले होते.

रात्रीच ऑपरेटरला दुरुस्त पान पाठवलं. त्याने सकाळी फाइल कोरलमध्ये, म्हणजे त्याच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. आणि उघडलीच आहे म्हटल्यावर.

"मॅडम, मला वाटलं पानं चारच्या पटीत बसवायला तुम्ही ते कोरं टाकलंय," तो काल मला समजावत होता. "त्यात ते काका पण म्हणाले होते. बॉर्डर रेडी होती आपल्याकडे. त्याचे पैसे नाही लावले."

पैसे नाही लावले. राखाडी रेघ त्याने काढली नाही, ती आहे तिथेच आहे. फक्त आता ती गुलाबांखाली आहे, लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नाव लिहायला असते तशी.

त्या मुलीला मी फोन केला. दहा मिनिटं बोलले. ती "ठीक आहे ताई" म्हणाली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आठ महिने तिने त्या रेघेच्या राखाडी छटेवरून आमचं डोकं खाल्लं होतं. एवढा जीव लावलेली रेघ, आणि आम्हाला ती सांभाळता आली नाही, हे मला कुठल्याही विनोदात बसवता येत नाहीये.

आज सकाळी एका सल्लागारांनी अंक चाळला. निबंध ओलांडले, संपादकीय ओलांडलं, ३४ वर थांबले. "हे चांगलं केलंत," म्हणाले. "नुसती चित्रं चित्रं नकोत, मुलांना काही बोधही हवा."

पुन्हा छापायला पैसे नाहीत. शेवटी दीडशे शुद्धिपत्रं छापून प्रत्येक अंकात घालायची ठरली. 'पान ३४ वरील मजकूर व सजावट कलाकृतीचा भाग नाही. वाचकांनी ते पान कोरे समजावे.' दुपारी मजकूर घेऊन छापखान्यात गेले. या वेळी कुणाचं मयत नव्हतं, लगेच नंबर लागला. ऑपरेटरने चिठ्ठी पडद्यावर मांडली, मान तिरकी करून बघितली आणि म्हणाला,

"मॅडम, मागची बाजू कोरी राहतेय. काही टाकू का?"