क्लच कुणाच्या पायाखाली

इंदूरच्या सांवेर रोडला माझा छोटा कारखाना आहे. शेव, चिवडा, दालमोठ पाकिटात भरणारी मशीनं आम्ही बनवतो. वजन करणं, पाकीट फुगवणं, चिकटवणं, कापणं, सगळं ऑटोमॅटिक. गिऱ्हाईक आलं की माझं भाषण ठरलेलं: "भिया, हाताचं काम म्हणजे कटकट. माणूस थकतो, चुकतो, सुट्टी मागतो. बटण दाबा आणि निवांत बसा." हे भाषण बायकोला तोंडपाठ आहे. त्यामुळे पन्नाशी उलटल्याच्या आनंदात मी स्पोर्ट्स कार घेणार आणि तीही मॅन्युअल, हातानं गिअर टाकायची घेणार, असं घरात जाहीर केलं तेव्हा तिनं तव्यावरची पोळी उलटली, दाबली, आणि माझ्याच सुरात म्हणाली, "भिया, हाताचं काम म्हणजे कटकट."

गाडी घ्यावी की नाही यावर भांडण नव्हतं. ते आधीच्या दिवाळीत भांडून संपलं होतं. बीएमडब्ल्यूची झेड४ घ्यायची, दोन सीटची, छप्पर उघडणारी, हेही ठरलं होतं. आईनं फक्त एकदा विचारलं, "अरे, मागे मी कुठे बसू?" मागे काही नाहीच म्हटल्यावर ती म्हणाली, "मग एवढी स्वस्त का नाही?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि शोरूमवाल्याकडे असतं असंही वाटत नाही.

खरा पेच पुढे आला. आपल्याकडे आजवर हिशेब सरळ होता: मॅन्युअल स्वस्त, ऑटोमॅटिक महाग. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत एएमटी, म्हणजे क्लच आपोआप सांभाळणारा गिअरबॉक्स आला, डाव्या पायाची सुटका मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, तरी चार पैसे जास्त मोजावेच लागले. स्पोर्ट्स कारच्या दुनियेत सगळं उफराटं. २०२५ मध्ये झेड४ची मॅन्युअल आपल्याकडे आली ती ऑटोमॅटिकपेक्षा लाखभरानं महाग. गिअरही आठाचे सहा झाले. म्हणजे दोन गिअर कमी घ्यायचे, क्लच आपणच दाबायचा आणि वर लाख रुपयेही आपणच द्यायचे.

"लाख रुपये मला द्या," बायको म्हणाली, "मी रोज तुमचा डावा पाय दाबून देते."

चिरंजीव इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, म्हणजे त्यांना सगळंच येतं. त्यानं आकडा पुढे केला: शून्य ते शंभर, ऑटोमॅटिक ४.५ सेकंद, मॅन्युअल ४.६. "बाबा, तुम्ही लाख रुपये देऊन हळू गाडी घेताय." मी म्हटलं, एक दशांश सेकंदानं काय बिघडतं? तो म्हणाला, "मग ३४० हॉर्सपॉवर तरी कशाला पाहिजे?" या मुलाला आम्ही लहानपणी बोलायला शिकवलं, ही एक घाईच झाली.

मग त्यानं फॉर्म्युला वन काढलं. १९८९ साली फेरारीनं स्टिअरिंगमागच्या पॅडलवर गिअर बदलणारी गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरवली. सरावात ती इतकी बंद पडायची, की चालक नायजेल मॅन्सेलनं, शर्यत काही पुरी होत नाही असं समजून, परतीचं लवकरचं विमान ठरवून ठेवलं होतं म्हणे. आणि ब्राझीलची ती शर्यत तोच जिंकला. "तेव्हापासून हाताचा गिअर संपला, बाबा." मी म्हटलं, संपला कसला? २०१३च्या जीटी३ या स्पोर्ट्स कारमधून पोर्शनं मॅन्युअल काढून टाकली, गिऱ्हाइकांनी डोकं खाल्लं, २०१७ मध्ये गुपचूप परत द्यावी लागली. तो शांतपणे म्हणाला, "ते लोक जर्मनीच्या ऑटोबान हायवेवर चालवतात. तुम्ही जवाहर मार्गाच्या गर्दीत."

ऑटोमॅटिकमधला ड्युअल क्लच हा प्रकार म्हणजे काय हेही त्यानंच मला समजावलं. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लागून तयार असतो. छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीत पोहेवाल्याचा एक हात पोह्यांवर शेव भुरभुरतो तेव्हा दुसऱ्यानं जिलबी उचललेलीच असते, तसंच हे. मला एकदम पटलं. पटल्यावर तो म्हणाला, "पण झेड४मध्ये ते नाही. त्यात टॉर्क कन्व्हर्टर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, तेलातूनच जोर पुढे जातो." चला, निदान तेलावर चालणारी वस्तू इंदुरात नापास होत नाही.

गोष्ट घरात राहिली असती तर निभावलं असतं. पण इथल्या सानंद संस्थेच्या नाटकाला गेलो आणि मध्यंतरात चहा घेताना माझ्या तोंडून निघून गेलं. तिसरी घंटा होईपर्यंत अर्ध्या प्रेक्षागृहाला माझ्या गिअरची काळजी लागली होती. आमचे हाडांचे डॉक्टर मित्र मानेनंच माझ्या डाव्या गुडघ्याकडे खूण करत म्हणाले, "मॅन्युअल घे. माझं क्लिनिकचं नवं फर्निचर करायचंय." नाटकाचा दुसरा अंक काय होता ते मला आजही सांगता येणार नाही, मागच्या रांगेतून कोणीतरी माझ्या खांद्यावर टकटक करून "रिसेल व्हॅल्यूचं बघ" म्हणाल्याचं तेवढं आठवतं.

नवलखाला आमचे जुने उस्ताद आहेत. वडिलांची फियाट त्यांनीच सांभाळली. त्यांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्यात सरकवला. "गियर तो हाथ काच अच्छा, भिया. ऑटोमॅटिक बिगड़े तो कंप्यूटर लगता है. मैं क्या करूँगा फिर?" सगळ्या सल्लागारांत हा एकच माणूस प्रामाणिक निघाला. स्वतःचा फायदा सरळ सांगून मोकळा झाला.

पुण्याच्या आतेभावाला फोन केला नव्हता. त्यानंच केला. "आमच्याकडे आता मॅन्युअल कोणी घेत नाही," तो म्हणाला. एका वाक्यात माझा कल पक्का मॅन्युअलकडे झुकला.

आपल्या गावात या विषयाला परंपरा आहे, हेही मी सगळ्यांना ऐकवून पाहिलं. यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३६ साली ड्युसेनबर्ग एसजे आली. गाडी अमेरिकन, तिची दोन माणसांपुरती बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं घडवलेली, ३२० हॉर्सपॉवर आणि गिअर अवघे तीन, हातानं टाकायचे. महाराजांना कोणी विचारलं नाही, की मागे मासाहेब कुठे बसणार. ते ज्या माणिकबागेत राहायचे तिथं आज जीएसटीचं कार्यालय आहे. मी कामानिमित्त तिथं जातो आणि आवारात उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघतो. एकही दोन सीटची नसते. सगळ्या पांढऱ्या.

आता शहरातल्या गर्दीचं. चिरंजीवाचा मुद्दा खोडायला म्हणून मी एका संध्याकाळी कारखान्यातून घरी येताना माझ्या सध्याच्या मॅन्युअल गाडीत डाव्या पायावर लक्ष ठेवलं. मरीमाता चौकापर्यंत ठीक. तिथं पुढची ई-रिक्षा थांबली. थांबली म्हणजे रस्त्याच्या मधोमध, कारण सवारी मधोमधच उभी होती. क्लच खाली. सवारीनं भाडं विचारलं. क्लच खालीच. सवारीला भाडं पटलं नाही, रिक्षा एक हात पुढे सरकली. क्लच अर्धा वर, गाडी एक हात पुढे. सवारीचा विचार बदलला. क्लच खाली. बडा गणपतीपर्यंत माझ्या गुडघ्याचा आणि त्या रिक्षावाल्याचा असा संवाद चालू होता. २०१७ पासून सलग कितीतरी वर्षं हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं. रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही. दिसेल कसा, पडायला जागा कुठे आहे? महू नाक्याला मला आठवलं की तिसरा गिअर मी सकाळपासून लावलेलाच नाही. सहा गिअर घेऊन मी करणार काय होतो? चार तर लग्नातल्या चांदीच्या ताटांसारखे कपाटातच राहणार होते... असो, तुलना करून मन रमवायचं, दुसरं काय.

म्हणजे आकडे ऑटोमॅटिकच्या बाजूनं, रस्ते ऑटोमॅटिकच्या बाजूनं, गुडघा तर कधीचाच फितूर झालेला. तरी मी हटलो नाही. घरच्यांना वाटलं हट्ट आहे. हट्ट नव्हता. कारण होतं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

आमच्या घरी दुसरी एक ऑटोमॅटिक गाडी आहे. ती माझी आहे असं आरसी बुकात लिहिलंय. प्रत्यक्षात तिचा सीट सतत कुणाच्या तरी उंचीला लावलेला असतो, आरसा कुणाच्या तरी डोळ्यांना, रेडिओ कुणाच्या तरी आवडीला, आणि टाकीतलं पेट्रोल नेहमी तळाला. बायको ती भाजीला नेते, चिरंजीव सराफ्यात रात्री बाराला भुट्ट्याचा कीस खायला नेतात, मेव्हणा 'फक्त विजयनगरपर्यंत' म्हणून नेतो आणि उज्जैनच्या टोलच्या पावतीसकट परत आणतो. ऑटोमॅटिकचा मोठा दोष हाच: ती कुणालाही येते. चिरंजीव शिकला ऑटोमॅटिकवर. मेव्हण्यानं हाताचा गिअर टाकल्याला जमाना झाला. बायको लग्नानंतर आधी बिनगिअरच्या स्कूटरवर आणि मग या गाडीवर. तीन पेडल असलेली गाडी दारात उभी राहिली, तर तिची किल्ली खुंटीवर लटकली काय आणि माझ्या खिशात राहिली काय, सारखंच. लाख रुपये मी क्लचला देत नव्हतो. कुलपाला देत होतो.

हे गुपित घेऊन मी शोरूमला गेलो. ट्रायलला मॅन्युअल आली होती. बायको सोबत होती, कारण चेकबुक तिच्या पर्समध्ये होतं. तिथं दोन सीटचा पहिला प्रसाद मिळाला: शोरूमचा मुलगा सोबत बसलाच पाहिजे असा नियम, म्हणजे आम्हा दोघांपैकी एक जण बाहेर. आधी मी बसलो. बसलो म्हणजे उतरलो. गाडी इतकी बुटकी, की सुपर कॉरिडॉरच्या दुभाजकावरची बोगनवेल मला मान वर करून बघावी लागत होती. क्लच मात्र मऊ. गिअर टाकताना दांडा हाताखाली असा ठक्कन बसतो, की उगाच एकदा काढून पुन्हा टाकावासा वाटतो, मी टाकलाही. शोरूमच्या मुलानं विचारलं, "सर, चौथा बघणार का?" मी चौथा बघितला. पाचवा बघायच्या आत समोर स्पीडब्रेकर आला, आणि त्यावरून ती गाडी मी तिरकी करून, दोन्ही बाजूंनी डोकावत, आईला जिना उतरवतो तशा बेतानं उतरवली. परत आलो तेव्हा मला तिशीत असल्यासारखं वाटत होतं. फक्त सीटमधून उठताना दोन माणसं लागली.

"मी पण बघू जरा," बायको म्हणाली आणि पर्स माझ्या हातात दिली.

मी शोरूमच्या मुलाकडे सूचक नजरेनं पाहिलं. सांभाळ रे. तो गरीब बिचारा पट्टा लावून बसला. आता गाडी हिसका खाऊन बंद पडेल, दोनदा पडेल, मग ती हसत उतरेल आणि विषय कायमचा मिटेल, असं मी मनात बोलतोय तोवर गाडी निघूनसुद्धा गेली. हिसका नाही, गुरगुर नाही. लांबून एक चढता आवाज आला, क्षणभर थांबला, परत चढला, परत थांबला. तो थांबण्याचा क्षण इतका छोटा होता, की मला ४.६चा आकडा आठवला. मी फुटपाथवर पर्स घेऊन उभा. जाणाऱ्या एका काकांनी माझ्याकडे, मग पर्सकडे पाहिलं.

ती परत आली. माझ्यापेक्षा एका झटक्यात उतरली. शोरूमचा मुलगा जरा उशिरा उतरला.

"मॅडम, तुम्ही शिकलात कुठं?"

"खरगोनला. वडील सिंचन खात्यात होते. कालव्यावर जीप न्यायची असायची. तिचा पहिला गिअर लागायचाच नाही, डबल क्लच करावा लागायचा, एका गिअरला दोनदा दाबायचा. याला काय, हे तर लोण्यासारखं आहे." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

मी लगेच भूमिका बदलली. म्हटलं, अगं, पण ट्रॅफिकचं बघ, तुझ्या पायाचं बघ, ऑटोमॅटिकच बरी, पॅडलही असतातच की, शिवाय एक लाख वाचतो. डॉक्टरांचं मत सांगितलं. मॅन्सेलचं विमानसुद्धा सांगितलं. ती पर्समधून चेकबुक काढत होती.

"मॅन्युअल," तिनं शोरूमच्या मुलाला सांगितलं. "आणि रंग लाल नको."

गाडी यायला अवकाश आहे. वेळापत्रक मात्र फ्रिजवर लागलंय: सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे; मंगळवार, गुरुवार माझे; शनिवारी ती चिरंजीवाला क्लच शिकवणार, जाम घाटाच्या रस्त्यावर, पहाटे, छप्पर उघडं ठेवून. तिथं मला येता येणार नाही, सीट दोनच आहेत. रविवार अजून मोकळा आहे. त्यावर मी नाव घालायला पेन शोधत होतो, तेवढ्यात आईनं आपल्या खोलीतून विचारलं, "अरे, पुढे तरी बसता येतं ना त्या गाडीत?"