जुन्या टीव्हीत ‘लाल पारा’ नसतो

‘जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीत लाल पारा असतो, लाखोंना विकला जातो’ असा मेसेज जळगाव-भुसावळच्या ग्रुपांवर फोटोसकट फिरतोय. फोटोतला तो तांबूस, चिंचोक्याएवढा तुकडा कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारा सर्किटमधला भाग आहे. रिपेअरिंगमध्ये मी असे शेकडो बदललेत. खाली दोन तारा, अंगावर १०४ छापलेलं, म्हणजे त्याची साठवण्याची क्षमता ०.१ मायक्रोफॅरड. फोडला तर आत प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मची गुंडाळी निघते. पारा नाही, आणि पारा चांदीसारखा दिसतो, लाल नव्हे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. परवा गल्लीतले एक काका पिक्चर ट्यूबच फोडायला बसले होते. बंद टीव्हीच्या ट्यूबमध्येही हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो, आत निर्वात पोकळी असल्याने काचा उडतात. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.