'ॲप्टीची तयारी होत नाही' या निरोपाला उत्तर

प्लेसमेंटचा हंगाम तोंडावर आला की शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरू लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, गाभा तोच राहतो. कन्सल्टिंग कंपन्यांची (इतर कंपन्यांना व्यवसायाचा सल्ला देणाऱ्या) ऑनलाइन ॲप्टिट्यूड टेस्ट, म्हणजे 'ॲप्टी', जन्मजात बुद्धी मोजते, तिची तयारी होत नाही. करायचीच असेल तर वैदिक गणिताच्या चार युक्त्या शिका, गेल्या वर्षीच्या प्रश्नांची पीडीएफ पाठ करा आणि उरलेल्या प्रश्नांना डोळे झाकून 'सी' पर्याय मारा. शेवटची ओळ सर्वांत वाईट: इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाच हे जमतं, बाकीच्यांनी वेळ घालवू नये.

मी सांगली जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांकडून गेली काही वर्षं दर रविवारी ॲप्टीचा सराव करून घेतो. हा निरोप वाचून तयारी अर्ध्यावर सोडलेली मुलं मी पाहिली आहेत. तयारीचा सर्वांत जास्त फायदा ज्यांना झाला असता, नेमकी तीच मुलं सोडतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

तयारी होत नाही, हे म्हणणं तपासून झालेलं आहे. बौद्धिक क्षमतेच्या चाचण्या पुन्हा दिल्यावर काय होतं, यावरच्या ५० अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ साली 'जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी'त आला. त्यात १ लाख ३४ हजारांहून अधिक परीक्षार्थींची माहिती होती. दुसऱ्या वेळी गुण सरासरी पाव प्रमाण विचलनाने वाढले. म्हणजे शंभर जणांत बरोबर मधोमध असलेला मुलगा खालून साधारण साठाव्या पायरीवर पोचतो. मध्ये शिकवणी मिळाली असेल तर वाढ याहून मोठी होती. कटऑफच्या अलीकडे-पलीकडे घुटमळणाऱ्या मुलासाठी या दहा पायऱ्या म्हणजेच शॉर्टलिस्ट. महिनाभरात कुणीही ९९ पर्सेंटाइलला जाईल असं मी कधीच सांगत नाही, पण 'काहीच होत नाही' हे धडधडीत खोटं आहे.

यावर 'आता तर गेम असतात' असं उत्तर येतं. मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीचंच पाहा. पूर्वी त्यांची कागदावरची परीक्षा होती, ६० मिनिटांत २६ प्रश्न. तिच्या जागी 'सॉल्व्ह' नावाचा गेम आला. त्याच्या सुरुवातीच्या रूपात एका भागात दिलेल्या यादीतून ८ सजीव निवडून त्यांची अन्नसाखळी जगवायची असे. कोण कुणाला खातं, कुणाला किती कॅलरी लागतात, कुणाला कोणतं वातावरण चालतं, हे सगळं एकाच वेळी जुळवायचं. गेम खेळण्याची सवय इथे फारशी कामाची नाही. चार अटी समोर मांडून, सर्वांत जाचक अट आधी धरून पर्याय गाळत जाणं कामाचं आहे, आणि ते वहीवरसुद्धा शिकता येतं.

आता वैदिक गणित. ९७ गुणिले ९६ तीन सेकंदांत करता येणं छानच आहे, पण या टेस्टमध्ये मुलं गुणाकारात पडत नाहीत. ती कुठे पडतात ते एका उदाहरणातून सांगतो. एका कंपनीची विक्री २०२२ मध्ये ८४० लाख रुपये, २०२३ मध्ये ९६६ लाख. विक्रीतला निर्यातीचा वाटा ३५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आला. निर्यात किती टक्क्यांनी बदलली?

पहिल्या रविवारी निम्मा वर्ग '५ टक्के घट' म्हणतो. थोडी हुशारी करणारे पाचाला पस्तीसने भागतात आणि '१४.३ टक्के घट' म्हणतात. दोन्ही उत्तरं पर्यायांत असतातच, कारण प्रश्न काढणाऱ्याला आपण कुठे घसरणार ते ठाऊक असतं. खरं तर वाटा घटला तेव्हाच विक्री १५ टक्क्यांनी वाढली होती. निर्यात २९४ लाखांवरून २८९.८ लाखांवर आली, म्हणजे जेमतेम १.४ टक्के घट. मोठे गुणाकारही नकोत: ३५ चे ३० म्हणजे ७ चे ६, तेव्हा १.१५ ला ६ ने गुणा, ७ ने भागा, ०.९८६ येतं, संपलं. हे टक्केवारी आणि गुणोत्तराचं शाळेतलंच गणित आहे. शिकायचं असतं ते एवढंच, की टक्का दिसला की आधी विचारायचं, 'कशाचा टक्का?' हा प्रश्न आपसूक पडायला मुलांना चार-पाच रविवार लागतात.

पीडीएफबद्दल फार बोलण्यासारखं नाही. प्रश्न मोठ्या साठ्यातून येतात आणि शेजारच्याचा संच वेगळा असू शकतो. प्रश्नांचा तोंडावळा कळण्यापुरती ती चाळावी. पाठ केलेलं उत्तर आकडा बदलला की उलट घात करतं.

'सी' मारण्याचं मात्र नीट पाहायला हवं. निगेटिव्ह मार्किंग नसेल तर प्रश्न कोरा सोडणं हे नुकसानच, आणि मग ए काय, सी काय, सगळे सारखेच. चार पर्याय असतील आणि चुकीला एक तृतीयांश गुण कापत असतील, तर अंदाजपंचे उत्तराचा सरासरी फायदा शून्य. पण एक पर्याय खात्रीने गाळता आला तर तोच हिशोब फायद्याकडे झुकतो. काही टेस्टमध्ये मागच्या प्रश्नावर परतताच येत नाही, तिथे 'शेवटी बघू' म्हणून चालत नाही. म्हणून सूचनांचं पान घाईत पुढे ढकलू नका. घड्याळ बहुधा ते पान संपल्यावरच सुरू होतं.

राहिला माध्यमाचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत जास्त लागतो. उताऱ्यावर विधान देऊन 'बरोबर, चूक की सांगता येत नाही' असं विचारतात. समजा उताऱ्यात आहे: 'कंपनीने गेल्या वर्षी तीन नवी कार्यालये उघडली, त्यांपैकी दोन पुण्यात आहेत.' विधान: 'कंपनीची पुण्यात दोनच कार्यालये आहेत.' उत्तर 'सांगता येत नाही', कारण जुनी किती होती ते उताऱ्यात नाही. आत्ता मी हे मराठीत लिहिलं. तुम्ही अडखळला असाल तर ते इंग्रजीमुळे नव्हे. माझ्या वर्गात इंग्रजी माध्यमाची मुलंही इथे तितक्याच वेळा चुकतात, कारण तीही उताऱ्याबाहेरचं स्वतःचं डोक्यातलं त्यात मिसळतात. मराठी माध्यमाच्या मुलांचा वाचनाचा वेग कमी पडतो, हे मी नाकारत नाही. त्यावर रोज एखाद्या इंग्रजी वर्तमानपत्राचा अर्थविषयक मजकूर, घड्याळ लावून, वीस मिनिटं वाचायला सांगतो. पहिल्या आठवड्यात कंटाळा येतो. तिसऱ्या आठवड्यात मुलं स्वतःहून सांगतात की उतारा दोनदा वाचावा लागत नाही.

यंदाचा सराव सुरू करणार असाल तर आधी एक मॉक, म्हणजे सराव परीक्षा, काहीही न वाचता द्या. गुण बाजूला ठेवा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: येत नव्हतं, वाचताना चुकलं, की वेळ संपला. पुढच्या सहा आठवड्यांत काय करायचं ते या तीन रकान्यांवरून ठरवा. निरोप पाठवणाऱ्याला तुमचे रकाने माहीत नाहीत.