सरकार उमेदवाराला 95 लाख देतं? एक दमडीही देत नाही

गल्लीतल्या एका मुलाने परवा एक मजकूर पाठवला आणि खाली विचारलं, "काका, फॉर्म भरल्यावर पैसे किती दिवसांत खात्यावर येतात?" मुलगा खरोखरच अपक्ष उभं राहण्याच्या विचारात आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मजकूर थोडक्यात असा: लोकसभेला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला निवडणूक आयोग प्रचारासाठी 95 लाख रुपये देतो. खर्च करून उरतील ते उमेदवाराचे. हिशेब नावाला द्यायचा, तो कुणी तपासत नाही. गोपीनाथ मुंडेंनी जाहीर सभेत 8 कोटी खर्च केल्याचं सांगितलं, त्यांचं काय झालं? हरलात तर डिपॉझिटचे फक्त 25 हजार जातात. जिंकलात तर दरवर्षी 5 कोटी हातात, आणि एक दिवस खासदार राहिलात तरी जन्मभर पेन्शन.

यातलं शेवटचं, पेन्शनचं, तेवढं खरं आहे. बाकीचं वाचून कुणी खरंच अर्ज भरला तर त्याचं नुकसान होणार आहे.

"आयोग 95 लाख देतो"

लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 77 एकदा वाचा, दीड पान आहे. प्रत्येक उमेदवाराने अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, स्वतः किंवा निवडणूक प्रतिनिधीमार्फत केलेल्या खर्चाचा वेगळा हिशेब ठेवायचा आणि एकूण खर्च ठरवलेल्या रकमेच्या वर जाऊ द्यायचा नाही, हाच त्यातला गाभा आहे. ती रक्कम निवडणूक संचालन नियम 1961 मधल्या नियम 90 च्या तक्त्यात राज्यवार दिली आहे. महाराष्ट्रात लोकसभेला 95 लाख, गोव्यात 75 लाख. जानेवारी 2022 पासून हे आकडे लागू आहेत. त्याआधी मोठ्या राज्यांत 2003 साली 25 लाख, 2011 ला 40 आणि 2014 ला 70 लाख होते. ही कमाल मर्यादा आहे. रस्त्यावर ताशी 80 ची पाटी असते म्हणून सरकार आपल्याला गाडी घेऊन देत नाही.

साधा गुणाकार करून बघा. 2024 च्या लोकसभेला देशभरात 8,360 उमेदवार रिंगणात होते. सरसकट 95 लाख धरले तर 7,942 कोटी रुपये होतात. एवढी रक्कम उमेदवारांना वाटली जात असती तर ती केंद्राच्या अर्थसंकल्पात कुठेतरी दिसली असती. ती कुठेच नाही.

या थापेला एक अर्धसत्य चिकटलेलं आहे, तेही सांगतो. सरकारी खर्चाने निवडणूक लढवण्याचा विचार आपल्याकडे झालेला आहे. इंद्रजित गुप्ता समितीने 1998 साली तशी शिफारस केली होती. पण ती रोख पैशाची नव्हती, वस्तू आणि सुविधांच्या रूपातली होती, आणि ती मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांसाठी होती. अपक्षांना त्यात जागाच नव्हती. आज प्रत्यक्षात मिळतं ते एवढंच: मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मोफत वेळ, आणि त्यांच्या उमेदवारांना मतदार यादीच्या मोफत प्रती. रोख शून्य.

मग पैसा येतो कुठून? हिशेबाच्या नमुन्यात त्यासाठी तीन वेगळे तक्ते आहेत: स्वतःचे पैसे, पक्षाने दिलेले पैसे आणि इतरांकडून आलेली देणगी किंवा कर्ज. 'सरकारकडून' असा चौथा तक्ता नाही. काँग्रेसने 2024 च्या निवडणुकीचा जो हिशेब आयोगाला दिला, त्यात राहुल गांधींना वायनाड आणि रायबरेली या दोन जागांसाठी प्रत्येकी 70 लाख पक्षाने दिल्याची नोंद आहे. ते पैसे पक्षाच्या तिजोरीतून आले. अपक्षाला असा पक्ष नसतो, त्यामुळे त्याला पहिल्या आणि तिसऱ्या तक्त्यावरच भागवावं लागतं. तिसऱ्या तक्त्यातही खड्डे आहेत. उमेदवाराला व्यक्तिशः दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला आयकरात सवलत मिळत नाही, ती पक्षाला किंवा इलेक्टोरल ट्रस्टला (देणग्या गोळा करून पक्षांना देणाऱ्या संस्थेला) दिली तरच मिळते. आणि अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या वर्गमित्राने प्रेमाने काही पाठवलं तर ते परकीय अंशदान ठरतं. उमेदवाराला ते घ्यायला कायद्याने बंदी आहे.

"हिशेब कुणी तपासत नाही"

संपूर्ण मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हे. 95 लाखांची वाट बघणारा फार तर निराश होईल. या वाक्यावर विश्वास ठेवणारा तीन वर्षांसाठी बाद होईल.

अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं उघडावं लागतं. ते एकट्याच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त चालतं. बायको किंवा भाऊ प्रतिनिधी नसेल तर त्यांच्याबरोबर चालत नाही. घरातलं जुनं संयुक्त खातं पुढे करणारे इथेच अडकतात. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून 10,000 रुपयांपर्यंतच रोख देता येते, त्यावर चेक किंवा ऑनलाइन. मंडपवाल्याला आज 9,000 आणि परवा 9,000 रोख दिले की नियम मोडला, कारण मोजणी बिलागणिक होत नाही. एकाकडून रोख घेण्यालाही हीच 10,000 ची मर्यादा आहे.

अर्ज भरला की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून नोंदवही मिळते. तिचे तीन भाग: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. प्रचाराच्या काळात ही वही किमान तीनदा खर्च निरीक्षकांसमोर तपासणीला न्यावी लागते. आणि तिथे टेबलावर दुसरी एक वही तयार असते, जी उमेदवाराने लिहिलेली नसते. तिला छाया निरीक्षण नोंदवही म्हणतात.

ती कशी भरते ते बघा. सभेला व्हिडिओ पथक येतं. कॅमेरा चालू ठेवून पथकातला माणूस मोठ्याने बोलत जातो: सभेचं ठिकाण, वेळ, व्यासपीठाचा अंदाजे आकार, खुर्च्या किती, कमानी किती, भोंगे किती, बाहेर उभ्या गाड्यांचे नंबर. ते चित्रण दुसरं पथक बघतं, हिशेब पथक प्रत्येक वस्तूला जिल्ह्याच्या दरपत्रकातला भाव लावतं आणि छाया वहीत नोंद होते. हे दरपत्रक जिल्हा निवडणूक अधिकारी पक्षांशी बोलून आधीच जाहीर करतात. खुर्ची, गादी, फेटा, हार, चहा, नाश्ता, जेवणाचं ताट, जीप, ढोलपथक, सगळ्याचे भाव त्यात असतात. समजा उमेदवाराने 500 खुर्च्यांचं बिल लावलं आणि चित्रणात 1,200 दिसल्या, तर फरक त्याच्या नावावर चढतो. मित्राचा मंडप आहे, फुकट दिला, हेही चालत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूचीही दरपत्रकाप्रमाणे किंमत धरतात. तफावत सापडली की 24 तासांत नोटीस निघते, उत्तराला 48 तास मिळतात.

मोठ्या नेत्याची सभा हा तर हिशेबाचा स्वतंत्र धडा आहे. स्टार प्रचारकाचा प्रवासखर्च पक्षाच्या खात्यात जातो. मान्यताप्राप्त पक्षाला असे 40 जण जाहीर करता येतात. पण उमेदवार त्यांच्याबरोबर व्यासपीठावर बसला, किंवा सभेत त्याचं नाव वा फोटो झळकला, की सभेचा खर्च त्याच्याकडे येतो. दोन-तीन उमेदवार असतील तर वाटून. नेत्याबरोबर हेलिकॉप्टरमध्ये चढला तर त्या प्रवासखर्चाचा निम्मा भाग उमेदवाराच्या नावावर.

निकाल लागल्यापासून 30 दिवसांत अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. 2024 चा निकाल 4 जूनला लागला, म्हणजे मुदत 4 जुलै. त्याआधी 26 व्या दिवशी ताळमेळ बैठक असते, तिथे दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून फरक मिटवता येतो. सगळ्यात जास्त अपक्ष इथेच मार खातात. हरल्यावर सगळं संपलं असं वाटतं, आणि वही घरात कपाटावर पडून राहते. पण हिशेब हरलेल्यालाही द्यावा लागतो, आणि एक रुपया खर्च केला नसेल तरी द्यावा लागतो. दिला नाही, किंवा ठरलेल्या पद्धतीने दिला नाही, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 10अ खाली आयोग आदेशाच्या तारखेपासून तीन वर्षांसाठी अपात्र ठरवतो. लोकसभाही बंद, विधानसभाही बंद.

वेळेवर पण खोटा हिशेब दिला तर? आयोगाला हिशेबाच्या खरेखोटेपणात शिरता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने शिवरामगौडा प्रकरणात स्पष्ट केलं. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांनी 2007 च्या निवडणुकीत पैसे देऊन छापून आणलेल्या बातमीचा खर्च हिशेबात दाखवला नव्हता. ऑक्टोबर 2011 मध्ये, आमदार असतानाच, त्या तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या.

"मुंडेंचं काय झालं?"

गोपीनाथ मुंडे 1980 साली रेणापूरमधून विधानसभेत गेले, 1995 ते 1999 राज्याचे उपमुख्यमंत्री होते, 2009 साली बीडमधून पहिल्यांदा लोकसभेत गेले. निवडणूक म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. 27 जून 2013 रोजी मुंबईत एका पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमात, जाहीर सभेत नव्हे, त्यांनी 2009 च्या निवडणुकीत आपल्याला 8 कोटी खर्च आल्याचं म्हटलं. तेव्हाची मर्यादा 25 लाख होती आणि त्यांनी दाखल केलेला हिशेब 19 लाखांच्या आसपासचा. काहीच झालं नाही हे खोटं आहे. दोनच दिवसांत आयोगाने 10अ खाली नोटीस काढली. अपात्रता मात्र झाली नाही. 2014 ला ते पुन्हा बीडमधून निवडून आले आणि केंद्रात ग्रामविकास मंत्री झाले. 3 जून 2014 रोजी त्यांचं अपघाती निधन झालं.

इथे मजकूरवाल्यांना थोडं द्यावं लागेल. मर्यादा आणि खरा खर्च यांत दरी आहे, आणि तिथपर्यंत पोहोचायला कायदा अपुरा पडतो. मर्यादेपेक्षा जास्त खर्च हा भ्रष्ट आचार आहे, पण त्यासाठी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका निकालापासून 45 दिवसांत करावी लागते. चार वर्षांनी केलेल्या भाषणाचा तिथे उपयोग शून्य. नुसत्या भाषणावर 10अ लावायचा तर बिलं, चित्रण, साक्षीदार काहीतरी लागतं.

दुसरं भगदाड त्याहून मोठं आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. दिल्ली सदर मतदारसंघातल्या कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 1974 मध्ये पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरला होता. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, तो निकाल निष्प्रभ झाला आणि पक्षाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून सुटला. 2003 च्या दुरुस्तीने ही सूट आवळली आणि स्टार प्रचारकांच्या प्रवासापुरती ठेवली. तरी उमेदवाराचं नाव न घेता पक्षाने केलेली जाहिरात आजही मर्यादेबाहेर राहते. राग यायचाच असेल तर इथे यावा. पण ही पळवाट पक्षांसाठी आहे. पक्षच नसलेल्या मुलाला ती दाखवून "कुणी तपासत नाही" सांगणं म्हणजे त्याला खड्ड्यात ढकलणं आहे.

उरलेले मुद्दे

डिपॉझिट 25,000 आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 12,500. वैध मतांच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर ते जप्त होतं. 11 लाख 40 हजार वैध मतं असतील तर 1 लाख 90 हजारांच्या वर जावं लागेल. 'फक्त' म्हणणाऱ्याने हा आकडा बघावा.

5 कोटी हा खासदार निधी आहे. खासदार फक्त काम सुचवतो. मंजुरी, निविदा आणि पैसे देणं जिल्हा प्रशासनाकडे असतं. खासदाराच्या खात्यात त्यातला रुपयाही येत नाही.

पेन्शनचं खरं आहे. एप्रिल 2023 पासूनच्या दराने माजी खासदाराला महिना 31,000 मिळतात, कार्यकाळ कितीही छोटा असो, आणि पाच वर्षांवरच्या प्रत्येक वर्षाला 2,500 वाढीव. यावर जरूर भांडा. प्रचाराच्या पैशाशी त्याचा संबंध नाही.

माझ्या शब्दावरही विसंबू नका. निवडणूक संचालन नियमांतल्या नियम 88 प्रमाणे जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात एक रुपया फी भरून कोणालाही कोणत्याही उमेदवाराचा दाखल हिशेब बघता येतो. आपल्या मतदारसंघातल्या विजयी उमेदवाराचा काढा, पैसे कुठून आले तो तक्ता उघडा आणि सरकारचं नाव शोधा.

आणि बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पैसे येत नाहीत. उभं राहायचंच असेल तर अर्ज भरायच्या आदल्या दिवसापर्यंत तुझ्या एकट्याच्या नावाने खातं उघड, चेकबुक माग, आणि मंडपवाल्याला सांगून ठेव की रोख मिळणार नाही.