जर्मनीचं उदाहरण देण्याआधी

परत ती क्लिप फिरायला लागलीये. नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, आणि वर दाखला दिला की दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन आणि जपानी लोकांनी हेच केलं. मग जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांनी आकडा ९० वर नेला आणि रविवारीही काम करून घेता येत नाही याची खंत बोलून दाखवली. दर काही महिन्यांनी कोणीतरी हे उकरून काढतं आणि लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो देश असाच मोठा होतो. दुसरा म्हणतो आपल्या लोकांना वेळेची किंमतच नाही, दहाची मीटिंग साडेदहाला सुरू होते, ते आपल्या रक्तातच नाही, मग तास वाढवून काय होणार. मला राग दोन्हींचा येतो पण दुसऱ्याचा जास्त, कारण तो गट मला साक्षीला बोलावतो. तू तर जर्मनीत आहेस, सांग की यांना.

तर सांगतो.

पश्चिम जर्मनीत पन्नासच्या दशकात कारखान्यातला आठवडा साधारण ४८-४९ तासांचा होता, तोही शनिवार धरून. सत्तरचा नाही. आठ तासांचा दिवस इथे नोव्हेंबर १९१८ मध्येच आला, मधल्या काळात मोडलाही गेला, पण मागणी कधी मेली नाही. १९५६ मध्ये, म्हणजे युद्ध संपून जेमतेम ११ वर्षं झाली होती, इथल्या कामगार संघटनांनी १ मे ला एक पोस्टर काढलं ज्यात एक लहान मुलगा म्हणतोय की शनिवारी बाबा माझे. पाच दिवसांचा, चाळीस तासांचा आठवडा मागत होते ते, आणि पुढच्या वर्षांत एकेका उद्योगात तो मिळवत गेले. माणसं कमी पडायला लागली तेव्हा आहेत त्यांचीच पिळवणूक करण्याऐवजी १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून बाहेरून माणसं आणली. १९८४ मध्ये मेटल कामगार कित्येक आठवडे संपावर होते ते ३५ तासांसाठी, आणि १९९५ पर्यंत त्यांनी तेही घेतलं. हा आहे तुमचा जर्मन चमत्कार. युद्धानंतर अमेरिकेची मार्शल मदत मिळाली हेही खरंय, पण मग ते सांगा ना, तासांचं खोटं कशाला सांगता.

आता रक्ताची गोष्ट. इंटरकल्चरल ट्रेनिंग नावाचा जो प्रकार असतो त्यात हमखास एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाची विभागणी दाखवतात, की काही संस्कृती मोनोक्रॉनिक, एका वेळी एक काम, ठरलेल्या वेळी, आणि काही पॉलिक्रॉनिक, माणसं आधी आणि घड्याळ नंतर. जर्मनी पहिल्या रकान्यात, आपण दुसऱ्या. ट्रेनिंग देणारी व्यक्ती आपल्याकडे बघून समजूतदार हसते आणि समोरचे सगळे मान हलवतात. मला तो रकाना मान्य नाही. रॉबर्ट लेव्हिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात ३१ देशांत लोक रस्त्यात किती भरभर चालतात, पोस्टातला कारकून तिकीट द्यायला किती वेळ लावतो आणि बँकांची घड्याळं किती अचूक आहेत हे मोजलं होतं, त्यात स्वित्झर्लंड पहिला, जर्मनी तिसरा, आणि दुसरा कोण तर आयर्लंड. ज्या आयरिश लोकांना इंग्रज पिढ्यान् पिढ्या आळशी म्हणून हिणवत आले ते इंग्लंडच्या पुढे.

आणि खुद्द इंग्रज तरी कुठे घड्याळ घेऊन जन्माला आले होते. अठराव्या शतकात तिथले हातमागवाले आणि इतर कारागीर सोमवारी कामाला लागायचेच नाहीत, त्याला सेंट मंडे असं नावच होतं, आठवड्याच्या शेवटी रात्ररात्र जागून काम पुरं करायचे. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ मध्ये हे नीट मांडलंय, की ही माणसं घड्याळाच्या कामाला लागली ती दंड, घंटा आणि शाळा यांच्या जोरावर, आणि काही गिरण्यांत मालक सकाळी घड्याळ पुढे आणि संध्याकाळी मागे करायचे, कामगाराला स्वतःचं घड्याळ आत न्यायला बंदी. म्हणजे वक्तशीरपणा शिकवला गेला आणि शिकवताना चोरीही झाली. हे कोणत्याही ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.

आपल्याकडे तर ही लढाई मुंबईच्या रस्त्यावर झालीये. गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, सुट्टी ठरलेली नाही, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेऊन, हजारोंच्या सह्या गोळा करून आठवड्याची सुट्टी मागितली आणि १० जून १८९० ला रविवार मिळाला. ज्या रविवारी काम करून घेता येत नाही याची आज खंत वाटते तो हाच रविवार. मग १ जानेवारी १९०६ पासून सरकारने नवीन स्टँडर्ड टाइम लावला, जो मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होता. गिरणी भरायची वेळ घड्याळात तीच, म्हणजे माणसाला प्रत्यक्षात ३९ मिनिटं आधी अंधारात निघायचं. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी काम बंद केलं, दगडफेक झाली. मुंबई महापालिकेने तर जुना मुंबई टाइम १९५५ पर्यंत सोडला नाही. एवढा मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणाऱ्या लोकांच्या नातवंडांना वेळेची जाण नाही म्हणणं मला सहनच होत नाही. आजही लोकलचा माणूस ८:१३ आणि ८:१७ यात फरक करतो, प्लॅटफॉर्मवर तो डबा नेमका कुठे येणार ते त्याला माहिती असतं.

मग दहाची मीटिंग साडेदहाला का? तर तिथे उशिरा कोण येतं ते बघा. ट्रेनी येत नाही. ट्रेनी पावणेदहाला येऊन प्रोजेक्टर लावून बसलेला असतो. उशिरा येतात ते साहेब, आणि साहेब आल्याशिवाय सुरू करायचं नसतं, आणि सुरू झालेलं त्यांच्या फोनमुळे मधेच थांबतं, आणि संध्याकाळी सहाला साहेबांना आठवतं की ते प्रेझेंटेशन उद्या सकाळी लागणार आहे. खालच्या माणसाचा वेळ फुकट आहे असं धरलं की मग कोणीच कशाला वेळेवर येईल. मी दोन्हीकडे नोकरी केलीये, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

इथे नवीन आलेला भारतीय पहिल्यांदा बघतो की नऊची मीटिंग नऊला सुरू झाली, आणि घरी फोन करून तेच कौतुकाने सांगतो. दहाला संपणारी मीटिंग दहाला संपली हे सांगायचं राहून जातं. माझ्या बॉसचं वाक्य अर्धवट असताना लोक उठलेत, कारण पुढचा टेर्मिन, म्हणजे ठरलेली भेट, होती, आणि बॉसनेच सॉरी म्हटलंय. ग्लाइटत्साइटमुळे, म्हणजे यायची-जायची वेळ ज्याची त्याने ठरवायची म्हणून, कोणी साडेसहाला येतं, कोणी नऊला, शुक्रवारी दोननंतर पार्किंग रिकामं. प्लसमध्ये, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्तीचे, फार तास साठले तर बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती, विचारते की हे काय चाललंय. जास्त थांबणारा माणूस इथे कामसू वाटत नाही, त्याला काम नीट वाटून दिलेलं नाही असं वाटतं. दिवसाला आठ तास, फार तर दहा, आणि दोन दिवसांमध्ये सलग ११ तास विश्रांती, हा कायदा आहे आणि लोक तो पाळतात. निघायची वेळही वेळच धरतात, एवढाच काय तो यांचा वक्तशीरपणा.

जपानमध्ये हे अर्धंच आहे. २०१७ मध्ये तिथल्या एका रेल्वे कंपनीने गाडी २० सेकंद आधी सुटली म्हणून माफी मागितली, आणि त्याच देशात अतिकामाने माणसं मरतात म्हणून २०१८ मध्ये ओव्हरटाइमवर कायद्याने मर्यादा घालावी लागली. सुरुवात सेकंदावर, शेवट कोणालाच माहिती नाही. मूर्ती जपानचं नाव घेतात तेव्हा त्यांनी हाही भाग घ्यावा.

मला माहितीये आता काय ऐकवलं जाणार. डॉइचे बान या जर्मन रेल्वेच्या लांबच्या गाड्या २०२४ मध्ये जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर न धरता. हो, खरंय, मी त्याच गाड्यांनी फिरतो. आणि हो, इथेही चान्सलर मर्त्स मे २०२५ मध्ये म्हणाले की चार दिवसांचा आठवडा आणि वर्क-लाइफ बॅलन्स करत बसून या देशाची समृद्धी टिकणार नाही, दिवसाची मर्यादा काढून आठवड्याची ठेवायची असं सरकारच्या मनात आहे. पण त्यावर संघटना लगेच उभ्या राहिल्या. आपल्या महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांत दिवसाचे ९ चे १२ तास आणि दुकानं-ऑफिसांत ९ चे १० करायला मंजुरी दिली तेव्हा माझ्या ओळखीतल्या किती जणांना ते कळलं? ७० तासांच्या क्लिपवर मात्र सगळ्यांचं मत तयार. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत ऑफिसनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं, तेही बहुतेकांच्या गावी नाही.

एक गोष्ट मात्र मला इथे बसून छळते आणि ती घरच्या वादात कोणी काढतच नाही. जर्मन कायदा जर्मनीतल्या माणसाची संध्याकाळ राखतो, पुण्यात त्याच प्रोजेक्टवर बसलेल्या माणसाची नाही. आमच्यात उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर, त्यात अमेरिकेतले लोक हवेत म्हणून कॉल दुपारी चारला, म्हणजे हिवाळ्यात पुण्याचे साडेआठ. इथे साडेचारला सगळे फायरआबेंड, म्हणजे आजचं काम संपलं, म्हणून उठणार आणि तिकडचा मुलगा मला मराठीत म्हणणार, असू दे दादा, मी थांबतो. मी कॉल सकाळी आणायचा विषय काढला तर पहिला प्रश्न आला की मग अमेरिकेचं काय. महिनाभर भांडून अमेरिकेचा भाग वेगळा केला. माझ्या जर्मन सहकाऱ्यांना वाईट म्हणत नाही मी, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की त्यांचा तो शिस्तीचा दिवस दुसरीकडे कोणाच्या तरी रात्रीवर उभा आहे. आणि तिकडच्या मॅनेजरनेही कधी सांगितलं नसतं, कारण क्लायंटला नाही म्हणायचं नसतं.

त्या भांडणात मी कोणाच्या बाजूने होतो ते मलाही नीट सांगता येत नाही. भारतात गेलो की अर्धा तास उशिरा आलेल्या माणसाचा मला खरोखर राग येतो, तो लपत नाही, लोक म्हणतात तू आता तिकडचाच झालास. आणि इथे कोणी कॅलेंडरमध्ये टाकल्याशिवाय दोन मिनिटं बोलायला येत नाही, काम संपलं की जो तो निघून जातो, तेव्हा संध्याकाळी पाचनंतर टेबलाला टेकून उगाच गप्पा मारत थांबणारी ती जुनी टीम इतकी आठवते की घशाशी येतं. ते थांबणंही ऑफिसातच होतं, त्यालाही कोणी तास म्हणून मोजलं असतं. पण ते आम्ही आमच्या मर्जीने थांबायचो आणि कोणी मागितलं असतं तर थांबलो नसतो.

तिकडचाच झालास म्हणणाऱ्यांना माझं मत नको असतं, फक्त साक्ष हवी असते, की बघा जर्मनीतला माणूससुद्धा म्हणतो आपण आळशी आहोत. ती मी देणार नाही. लोखंडे कोण, ३९ मिनिटं कसली, हे माझ्या इथल्या ऑफिसात सांगून कोणाला काही वाटत नाही, लोक सौजन्याने ऐकतात आणि पुढच्या टेर्मिनला जातात. ज्यांना वाटायला हवं ते तिकडे आहेत आणि ते ती क्लिप फॉरवर्ड करतायत, म्हणून एवढं मराठीत लिहिलं.