जळके ऑइल, मोठे टायर आणि ‘घरच्या घरी नवी जीप’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या जीपवेड्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरत आहे. जुनी जीप किंवा जिप्सी घरच्या घरी, थोडक्या पैशांत नवी कशी करावी, हे त्यात मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले आहे. खालून जळके, म्हणजे इंजिनातून काढलेले वापरलेले ऑइल फासा म्हणजे गंज धरत नाही. सडलेल्या जागी वरून पत्रा मारा. ब्रेक लागत असतील तर त्यांना हात लावू नका. मिळेल ते डिझेल इंजिन बसवा, गाडी तुमची आहे, आरटीओ काही म्हणत नाही. मोठे टायर चढवा आणि शेवटी किनाऱ्याच्या वाळूवर गाडीची परीक्षा घ्या, असे त्याचे सार आहे.

जीप घरी बांधता येते, हे त्यातले मूळ म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस भारतात जोडायला घेतलेल्या विलीज जीपपासून १९८५ च्या अखेरीस आलेल्या मारुती जिप्सीपर्यंत या गाड्यांची रचना साधीच राहिली. स्वतंत्र चासी म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी, पुढे-मागे पाटे म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा आणि हाताने ओढायचा फोर-व्हीलचा दांडा, एवढ्या भांडवलावर धीराने काम करणारा माणूस अंगणातल्या मांडवाखाली अख्खी गाडी उघडू आणि पुन्हा जोडू शकतो. आक्षेप आहे तो पुढच्या प्रत्येक सूचनेवर, कारण किनारपट्टीवर ज्या कामांवर सर्वांत जास्त वेळ आणि पैसा घालायला हवा, नेमकी तीच कामे हा मजकूर टाळायला सांगतो.

पहिला मुद्दा जळक्या ऑइलचा. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात आणि लाटा फुटताना उडणारे तुषार वाऱ्याबरोबर आत येऊन पत्र्यावर मिठाचा पातळ थर चढवतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते; हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच पाझरू लागते, आणि म्हणून आपल्याकडे पाऊस नसलेल्या रात्रीही गाडीचा खालचा भाग ओला असतो. अशा खारट, ओलसर पत्र्यावर ऑइल फासले की मीठ बाहेर जात नाही, आतच कोंडले जाते. त्यावर रस्त्याची धूळ बसते, तिचा काळा लेप होतो आणि तो लेप पाणी धरून ठेवतो. पाटे चासीला जोडणाऱ्या कड्यांचे, म्हणजे शॅकलचे, रबरी बुश त्या तेलाने फुगून मऊ पडतात. पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात उरलेले ऑइल धुऊन अंगणात उतरते. आपला जांभा दगड सच्छिद्र आहे आणि विहीर बहुधा त्याच आवारात असते. वापरलेल्या ऑइलमध्ये धातूंचे कण आणि घातक हायड्रोकार्बन असतात. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. तो आपल्या पिण्याच्या पाण्याशेजारी आपल्याच हाताने ओतायचा, हे मला कोणत्याही बचतीसाठी पटत नाही.

गंजावर खरा उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. खालची बाजू गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी, दोन-तीन दिवस कोरडी होऊ द्यावी, वायर ब्रशने किंवा सँडब्लास्टिंगने उघड्या पोलादापर्यंत यावे, मग जस्तयुक्त किंवा इपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग, आणि चासीच्या पोकळ भागांत आतून मेणाचा फवारा मारावा. पाणी निचरायला ठेवलेली भोके चिखलाने बुजलेली असतात, ती मोकळी करावीत. हे काम थंडीच्या कोरड्या महिन्यांतच काढावे, कारण आपल्या हवेत सकाळी चकचकीत केलेला पत्रा दुसऱ्या दिवशी तांबूस दिसतो. जेवढा भाग घासला, तेवढ्यावर त्याच दिवशी प्रायमर चढलाच पाहिजे.

दुसरा मुद्दा वरून पत्रा मारण्याचा, आणि येथे मजकुराचे अज्ञान सर्वांत धोकादायक ठरते. चासीच्या पेटीसारख्या बंद भागांत गंज आतून सुरू होतो. एक लहान हातोडी घेऊन चासी टोकापासून टोकापर्यंत ठोकत जावे. चांगले पोलाद खणखणते, सडलेले बद्द वाजते. मागचा पाटा चासीला जेथे टांगलेला असतो त्या हँगरपाशी असा बद्द आवाज आला की तेथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे; तपकिरी पापुद्रे सुटतात, टोक सरळ आत जाते आणि भोकातून ओली, काळपट माती बाहेर येते. बाहेरून मात्र त्याच जागेवर रंग शाबूत असतो. अशा जागी वरून तुकडा वेल्ड केला, तर टाका कुजलेल्या पत्र्यावरच बसतो, वेल्डिंगच्या उष्णतेने आतला उरलासुरला लेप जळतो आणि दोन पत्र्यांमधल्या फटीत खारे पाणी कायमचे मुक्कामाला येते. योग्य रीत म्हणजे चांगले पोलाद लागेपर्यंत कापत जाणे आणि तेवढ्याच जाडीची प्लेट अनुभवी वेल्डरकडून जोडून घेणे. चासी कापण्यापूर्वी तिला आधार देऊन मापे घ्यावीत, नाही तर चाके एका रेषेत राहत नाहीत. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवावी आणि पेट्रोलची टाकी गाडीपासून दूर न्यावी. रिकामी टाकी निर्धोक असते हा समज चुकीचा आहे. तिच्यात कोंडलेली वाफच पेट घेते.

ब्रेकविषयीची सूचना वाचून मला खरोखर चिंता वाटली. विलीजच्या वळणाच्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये चारही चाकांसाठी ब्रेक ऑइलच्या पाइपांचे एकच सर्किट असते, म्हणजे एक पाइप फुटला की पायाखाली काहीच उरत नाही. हे पाइप पोलादाचे असतात आणि जेथे क्लिपने चासीला धरलेले असतात, नेमके तेथे, नजरेआड गंजतात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. तसे झाले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि आंबोली किंवा कुंभार्लीच्या लांब उतारावर चाकांतले ब्रेकचे ड्रम तापले की पेडल मऊ पडते. म्हणून आज ब्रेक लागतात या पुराव्याला काही अर्थ नाही. जुन्या गाडीत सर्व पाइप, होज आणि व्हील सिलिंडरची रबरे नवी घालावीत, शक्य असेल तर पाइप तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे घ्यावेत आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. रंगाचे बजेट त्यासाठी कमी करावे लागले तरी चालेल.

‘गाडी तुमची, आरटीओ काही म्हणत नाही’ हे विधान तर सरळ खोटे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार बेकायदा फेरबदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. इंजिन बदलायचेच असेल, तर आधी आरटीओची मंजुरी घ्यावी आणि आरसीत नोंद करून घ्यावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते, त्या वेळी चासी आणि इंजिनाचे क्रमांक पाहिले जातात. यावरून एक महत्त्वाची गोष्ट, जी घाईत राहून जाते : गंज घासताना चासी क्रमांकावर ग्राइंडर फिरवू नये. तेवढा भाग हाताने साफ करून त्यावर पातळ ग्रीस लावावे आणि काम सुरू करण्यापूर्वी त्याचे फोटो काढावेत.

मोठ्या टायरबद्दल थोडक्यात. २८ इंचांच्या जागी ३१ इंचांचा टायर आला की गाडी प्रत्येक गिअरमध्ये इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत सुमारे ११ टक्के जास्त अंतर कापते. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा वेग ६६ च्या पुढे असतो, चढावर इंजिन दमते आणि ड्रम ब्रेकवरचा भार वाढतो.

राहिली वाळूवरची परीक्षा. ओल्या वाळूतले खारे पाणी हबच्या सीलमधून बेअरिंगपर्यंत पोहोचते आणि नंतर वरवर मारलेल्या पाण्याने ते निघत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात घरटी करतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात. वाळूखालची अंडी वरून दिसत नाहीत, चाकांनी वाळू घट्ट होते, आणि हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. किनारा नको म्हणून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जावे, असेही कोणी सुचवू नये. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि चाकाखाली आलेली रेषा परत कोरता येत नाही.

परीक्षा घ्यायचीच, तर आधी मोकळ्या, सपाट रस्त्यावर कमी वेगात ब्रेक लावून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. मग गाडीत वजन भरून एखादा चढ चढावा, उतरल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन कोणता जास्त तापला ते तपासावे, आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकल आणि बॉडीचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत, कारण नवे बुश आणि नवे पाटे बसल्यावर ते हमखास ढिले होतात.