पन्हाळा उशाशी असताना गल्लतीची भीती कशाला?

सहावी-सातवीच्या वर्गात ऐतिहासिक कादंबरी नको, मुलं कल्पना आणि इतिहास यांची गल्लत करतात, असं एका लेखात म्हटलंय. मला हे अर्धंच पटलं. मी कोल्हापुरात मराठी शिकवते. ही गल्लत मुलं घरूनच घेऊन येतात, मालिकांतून आणि आता रील्समधून. कादंबरी निदान वर्गात उघडून तपासता तरी येते.

पन्हाळ्याचा वेढाच घ्या. १६६० चा मार्च ते जुलै, खाली आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचं सैन्य, वर गडावर शिवाजी महाराज. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफगोळे घेऊन सिद्दीच्या मदतीला आले होते, याच्या नोंदी आहेत. पण गडावरून निसटायच्या रात्री महाराज आणि त्यांचं सोंग घेणारा शिवा काशीद यांच्यात काय बोलणं झालं, ते टिपून ठेवायला तिथं कोण बसलं होतं? ते लेखकाच्या कल्पनेतलं. अशा ओळींखाली मुलांना पेन्सिलीनं रेघ मारायला सांगायची. जाम भांडतात! एकीनं विचारलं, एवढे महिने गडावरची माणसं खात काय होती? कादंबरीत त्यावर अवाक्षर नाही. मग पन्हाळ्यावरच्या अंबरखान्याची धान्याची कोठारं दाखवायला सहल काढावीच लागते.

शत्रूपक्षातला प्रत्येक जण राक्षस दाखवणारी पुस्तकं नकोत, हे मात्र शंभर टक्के मान्य. भर पावसातही वेढा न उठवणारा सिद्दी जौहर बावळट दाखवला, तर महाराजांच्या सुटकेत विशेष ते काय उरलं?

आणि हो, पुस्तक दोनशे पानांच्या आतलं निवडा. जाडजूड ठोकळा घटक चाचणीच्या आधी संपत नाही.